शंभराची खूण

उद्धवरावांनी जुन्या लुगड्याची चिंधी तांब्यात बुडवली, हलकेच पिळली आणि थर्मामीटरच्या खालच्या टोकाला दोन वेढे देऊन गुंडाळली. मग तो खिडकीत टांगून ते त्याच्यासमोर उभे राहिले. दोन मिनिटं झाली नाहीत तोच त्यांनी तो काढून चुलीजवळच्या खुंटीला लावला, तिथून दारात, दारातून पुन्हा खिडकीत. चिंचवडच्या त्या दीड खोलीत थर्मामीटर टांगण्याजोग्या जेवढ्या जागा होत्या तेवढ्या सकाळपासून दोनदा मोजून झाल्या होत्या.

विमलबाई भाकरी थापत होत्या. नवऱ्याच्या हातातला काठ त्यांनी ओळखला.

"ते लुगडं जुनं झालं होतं, पण मी अजून टाकलं नव्हतं."

उद्धवरावांना ऐकूच गेलं नाही. "तुला गोधडी कितीला घ्यावीशी वाटते?" त्यांनी विचारलं.

"कितीला म्हणजे? निजायच्या वेळेला."

"आकडा विचारतोय मी."

"मग गोधडीला विचारा," असं म्हणून विमलबाईंनी भाकरी उलटली. पण थोड्या वेळानं, भाकरी फुगताना, आपणहून सांगितलं की परवा पहाटे पाय गारठले तेव्हा घेतली होती, आणि काल नुसती पायाशी ठेवली होती. उद्धवरावांनी ताबडतोब वही काढली. परवा पहाटेचा आणि कालच्या पहाटेचा आकडा त्यांच्याकडे होता. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी त्यांचा शून्य बसणार होता.

उद्धवराव मूळचे बार्शीकडचे. पिंपरीच्या माळावर नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात ते वाफेचे, पाण्याचे आणि हवेचे आकडे वाचून तक्त्यावर लिहीत. कारखान्याचं नाव लांबलचक होतं आणि ते कोणी घेत नसे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या तिथं धुवून भरल्या जात म्हणून सगळे त्याला बाटलीवाली कंपनी म्हणत, आणि उद्धवरावांना मास्तर. ते कधीही शाळेत शिकवायला गेले नव्हते. पण कानावर पेन्सिल आणि बगलेत वही असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

त्या वर्षी गोंधळ उडाला तो नव्या मापांमुळे. नवे पैसे येऊन वर्ष व्हायला आलं होतं, तरी भाजीवाली अजून आण्यातच बोलत होती. त्यात जानेवारीत कंपनीनं जुने थर्मामीटर पेंढ्यात गुंडाळून मुंबईला परत पाठवले आणि नवे आणले, फॅरनहाइटऐवजी सेंटिग्रेड अंशांचे. जुन्या मापाची एकही वस्तू यापुढं कारखान्यात दिसता कामा नये, असा हुकूम होता. थर्मामीटर बदलले, पण धुलाई शेडच्या दारावरचा फलक कोणी बदलला नाही. त्यावर तीन वर्षांपासून लिहिलेलं होतं की शेडमधली उष्णता शंभर अंशांवर गेल्यास कामगारांना पंधरा मिनिटं विश्रांती व पाणी द्यावं.

जुन्या मापात हे शंभर उन्हाळ्यात बहुतेक रोज दुपारी भरत. मग उद्धवराव दाराशी टांगलेला रुळाचा तुकडा वाजवत आणि शेडमधल्या नऊ बायका हात झटकत बाहेर नळावर जात. नव्या मापात शंभर अंशांना पाणी उकळतं. म्हणजे बायकांना पाणी प्यायला सुट्टी मिळणार ती त्या स्वतः उकळल्यावर.

उद्धवरावांनी हे जगदाळेसाहेबांना सांगितलं. मारुतराव जगदाळे शेडचे अधिकारी, माणूस वाईट नव्हता, पण कागदाला फार जपणारा. त्यांनी मुंबईला पत्र घातलं. दुसरं घातलं. उत्तर आलं नाही. फलकावर मुंबईची सही होती, तेव्हा तो खोडणं आपल्या हातात नाही, असं त्यांचं म्हणणं. उद्धवरावांनी सुचवलं की जुने शंभर म्हणजे नव्यातले अडतीसच्या जरा अलीकडे, तिथं लाल रेघ मारू. साहेब त्यालाही तयार होते. तिथंच थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण उद्धवरावांना तिथं थांबवेना. ते जुनं शंभर तरी कुठं बरोबर होतं? पावसाळ्यात शेडमध्ये पारा नव्वदच्या पुढं सरकत नसे आणि बायकांच्या कोपरांवरून मात्र घामाच्या धारा लागलेल्या असत. पेट्या उचलणारा चिमाजी चाकणजवळच्या खेड्यातला, सकाळी स्वतःच्या कांद्याच्या वाफ्यात राबून दुपारपाळीला येणारा. तो एकदा म्हणाला होता, "मास्तर, रानात ऊन टाळू भाजतं, पर घाम वाळतो. हितं वाळतच न्हाई. आता जास्ती गरम कुठं ते तुमीच सांगा."

हा प्रश्न उद्धवरावांच्या डोक्यात दोन वर्षं भणभणत होता. पाणी कधी गोठतं आणि कधी उकळतं यावरून माणसाची हवा का मोजायची? माणूस काय किटली आहे? माणसाच्या हवेला माणसाचेच अंश हवेत. अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं तिथं शून्य, हातातलं काम टाकून उठावंसं वाटतं तिथं शंभर, आणि मधे सारखे भाग. मोजायचं ओल्या चिंधीनं, म्हणजे घाम वाळतो की नाही तेही पाऱ्याला कळेल. शिवाय फलकावर नुसतं 'शंभर अंश' लिहिलं होतं, कुणाचे ते लिहिलं नव्हतं.

जगदाळेसाहेब हे ऐकून हसले होते. मग विचारात पडले आणि म्हणाले, "आकडा शंभर राहतोय ना? मग करा. नीट विचारून, लिहून करा. मी सही करतो."

झालं. त्या दिवसापासून उद्धवरावांना बसवेना. जेवताना उठून थर्मामीटर पाहून येत. सांगवीला चुलत्यांकडे गेले तर नदीकाठी पाच जणांना उभं करून विचारलं, हवा कशी वाटते. चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगावर बसलेल्या बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, कांदे घ्यायचे असतील तर घ्या. शून्य विमलबाईंच्या गोधडीवर ठरला, शंभर अंदाजानं धरून पाहिलं तर तिसाच्या आसपास लोक उन्हातून सावलीत सरकतात असं दिसलं, पन्नाशीला पदरानं वारा घेऊ लागतात. सगळं छान जमत गेलं. राहिलं होतं ते खरं शंभर.

ते शेडमध्येच मिळणार होतं. फेब्रुवारीपासून उद्धवराव रोज चार वेळा शेडमध्ये जात, ओल्या चिंधीचा पारा वाचत आणि रांगेतल्या नऊही जणींना एकेक करून विचारत, कसं वाटतंय? वहीत नाव, आकडा, उत्तर. रांगेच्या टोकाशी पुतळाबाई असे. चाळिशी उलटलेली, मावळातली, सगळ्यांत जुनी. तिला ते शेवटी विचारत.

कोणी काम टाकून उठेल म्हणून उद्धवराव वाट पाहत राहिले. होळी झाली, पाडवा झाला. एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी चिंधीचा पारा बत्तीसवर गेला. उद्धवरावांच्या स्वतःच्या वहीचं पान घामानं मऊ झालं. आज नक्की, असं मनाशी म्हणत त्यांनी पहिलीला विचारलं. ठीक हाय. दुसरीला. ठीक हाय. नऊही जणी एकच बोलल्या, पुतळाबाई तर वर न पाहता.

उद्धवराव शिस्तीचा माणूस. सगळे ठीक म्हणतात तिथं मर्यादा कशी आखणार? ती त्याच्या वरच असली पाहिजे. त्यांनी तेहतीसवर शंभराची लाल रेघ मारली, शून्यापासून शंभरापर्यंतचे अंश एका फळीवर सुबक अक्षरात रंगवले आणि तिच्यावर थर्मामीटर बसवला. जगदाळेसाहेबांनी वही चाळली. एवढ्या लोकांना विचारून केलेलं काम त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं, तसं ते म्हणालेही. फळीच्या खाली त्यांनी सही केली. त्या दिवशी उद्धवरावांनी घरी जाताना विमलबाईंसाठी नवं लुगडं घेतलं, चिंधीची भरपाई म्हणून.

एप्रिल संपला. पारा नव्वद झाला, चौऱ्याण्णव झाला, एकदा सत्त्याण्णव. शंभर काही होईनात. रूळ वाजला नाही. बायका काही बोलल्या नाहीत. फक्त उद्धवराव आत आले की आधी ज्या गप्पा चालू असत त्या बंद होत. एकदा नळाजवळून जाताना त्यांनी चिमाजीला म्हणताना ऐकलं, "जुनं शंभर गेलं, नवं आलं. पाणी काय येत न्हाई." ते रागानं म्हटलेलं नव्हतं. नुसतं सांगितलेलं होतं, आणि त्यामुळे ते उद्धवरावांना जास्त लागलं. रात्री झोप येईना. आपलं माप चुकलं की बायकांची सोसण्याची ताकद खरंच एवढी? दोन्हीपैकी एक खरं असणार, आणि कुठलं ते फळी सांगत नव्हती.

मेच्या पहिल्या सोमवारी त्या नऊ जणींतली शकू लग्नाला गेली होती. रांगेत तिची जागा रिकामी होती. साडेबाराला उद्धवराव शेडमध्ये आले, वही खिडकीत ठेवली, पेन्सिल कानावरून काढून वहीवर ठेवली, बाह्या दुमडल्या आणि पुतळाबाईच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. पुतळाबाईनं त्यांच्या हातात ब्रश दिला.

काम साधं होतं. सोड्याच्या कढत पाण्यातून बाटली काढायची, आत ब्रश फिरवायचा, दुसऱ्या हौदात बुचकळायची, पालथी ठेवायची. पहिल्या शंभर बाटल्या उद्धवरावांनी मोजल्या. मग चष्म्यावर वाफ धरली, तो काढून खिशात ठेवला, आणि मोजणं राहिलं. सदरा पाठीला चिकटला. घाम भुवयांवरून थेट हौदात पडू लागला आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. कानात बारीक घूं असा आवाज सुरू झाला, पोटऱ्या भरून आल्या. फळी समोरच्या भिंतीवर होती. डोळे बारीक केल्यावर दिसलं की पारा ऐंशीच्या जरा वर, म्हणजे कंपनीच्या नव्या मापात ओल्या चिंधीचा तीस. शंभर अजून बरंच लांब होतं.

आता बाहेर जावं, असं त्यांना वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. त्यांनी डावीकडे पाहिलं, पुतळाबाईचे हात चालू होते. उजवीकडे पाहिलं, तिकडचेही चालू होते. त्यांनी पुढची बाटली उचलली.

"कसं वाटतंय, मास्तर?" पुतळाबाईनं विचारलं.

"ठीक आहे," उद्धवराव म्हणाले.

आणि हातातली बाटली तशीच धरून ते थांबले. हे दोन शब्द त्यांनी गेल्या तीन महिन्यांत शेकडो वेळा लिहिले होते.

पुतळाबाई हसली नाही. तिनं त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली, बुचकळली आणि पालथी ठेवली. थोड्या वेळानं उद्धवरावांनी खालच्या आवाजात विचारलं, "एवढं रोज विचारत होतो, मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या हातात पेन्सिल व्हती."

मग तिनं पूर्वी याच रांगेत असलेल्या सोजराबाईचं सांगितलं. मागच्या वैशाखात तिला चक्कर आली होती. विचारल्यावर तिनं खरं ते सांगितलं, ते कुठंतरी लिहिलं गेलं, आणि चार रोजांनी प्रकृती नाजूक म्हणून तिला घरी बसवलं. ती आता धायरीला भावाकडे असते.

"कुणी लिहिलं होतं?" उद्धवरावांनी विचारलं.

पुतळाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा हौदाकडे वळवली. "मला वाचता येत न्हाई, मास्तर."

उद्धवरावांना वाचता येत होतं. रोजचा तक्ता, त्यातला शेऱ्याचा रकाना, आणि त्यात स्वतःचं सुबक अक्षर त्यांना आठवलं. सोजराबाई, चक्कर, दुपारी दोन. इतक्या बारकाईनं तक्ता भरणारा दुसरा माणूस कंपनीत नाही, याचा त्यांना त्या दिवशी अभिमान वाटला होता. तक्ता संध्याकाळी जगदाळेसाहेबांच्या टेबलावर जात असे. पुढं काय झालं याची त्यांनी कधी चौकशीही केली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की त्या बायकांच्या मधून चालत बाहेर जाणंही अवघड झालं.

नळापाशी दगडावर बसून त्यांनी वही उघडली. फेब्रुवारीपासूनची पानं त्यांनीच लिहिली होती, पण ती वाचली आज. चिंधीचा पारा चोवीसच्या खाली असताना शकू म्हणत होती, आज बोटं गार पडलीत. सव्विसाला कोणी म्हणत होतं, हे बरं हाय, असंच ऱ्हाऊ दे. सत्तावीस, अठ्ठावीसला कुणाची चोळी भिजली होती, कुणाला नातवाचं पडसं आठवत होतं, कुणी दार उघडं टाका म्हणत होतं. एकोणतीसला पुतळाबाईनं सांगितलं होतं की आता पाय जड व्हाया लागले. ते वाक्य लिहिल्याचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

तिसाच्या ओळीपासून पुढं एकही वेगळं उत्तर नव्हतं. पानामागून पान, नऊच्या नऊ नावांसमोर, ठीक हाय. ठीक हाय. ठीक हाय. ज्या अंशाला खरं बोलणं थांबत होतं तेच शंभर, आणि ते त्यांना फेब्रुवारीपासून कोणी ना कोणी सांगत होतं.

उद्धवराव उठले, सुरी आणली आणि जेवणाच्या सुट्टीत फळीवरचे शून्यापुढचे सगळे आकडे खरवडून काढले. शून्य तिथंच ठेवला. शंभराची लाल रेघ तिसावर आणली आणि मधले भाग पुन्हा आखले. सुट्टी संपायच्या आत उरकायचं होतं, त्यामुळे या खेपेला अक्षर काही सुबक आलं नाही. फळीच्या तळाशी साहेबांची सही होती. ती त्यांनी खरवडली नाही, आणि तिच्याकडे फार वेळ पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी पारा शंभरावर आला. उद्धवरावांनी पारा दोनदा पाहिला, चिंधी ओली आहे ना ते चाचपलं, आणि दाराशी जाऊन रूळ वाजवला. बायकांनी माना वर केल्या, पण हात थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा वाजवला. तेव्हा पुतळाबाईनं ब्रश खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि ती बाहेर निघाली. तिच्यामागून बाकीच्या.

जगदाळेसाहेब कचेरीतून लगबगीनं आले. रिकाम्या शेडमध्ये हौदांवर वाफ चढत होती. साहेब फळीसमोर उभे राहिले.

"ही रेघ इथं नव्हती."

"नव्हती. मोजण्यात माझी चूक झाली होती."

"सही माझी आहे तिच्याखाली."

"हो."

साहेबांनी थर्मामीटरजवळ तोंड नेऊन पारा पाहिला, मग चिंधीला बोट लावून पाहिलं. नव्या मापात तीस म्हणजे काहीच नाही, असं ते म्हणाले, चिंधी काढली तर काय होईल असंही विचारलं, आणि फळीसमोरच उभे राहिले. शेडमध्ये ते सहसा दारातून डोकावून जात. आज आत उभं राहून त्यांना पाच मिनिटं झाली होती. सदऱ्याची कॉलर गळ्याला चिकटली, कपाळावरचा घाम नाकावर उतरला. त्यांनी रुमाल काढला, तो लगेच ओला झाला. एक हात त्यांनी नकळत हौदाच्या कठड्यावर टेकवला.

"कसं वाटतंय, साहेब?" उद्धवरावांनी विचारलं.

"ठीक आहे," जगदाळेसाहेब लगेच म्हणाले.

उद्धवराव त्यांच्याकडे पाहत राहिले. साहेबांनीही त्यांच्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग दारातून बाहेर, जिथं नळाशी बायका ओंजळीनं तोंडावर पाणी मारत होत्या. ते बाहेर गेले. पुतळाबाईनं भरलेला तांब्या पुढं केला. साहेबांनी तो घेतला, वरून धार धरून सगळा रिकामा केला आणि रिकामा तांब्या हातातच ठेवून विचारलं, "रूळ परत कधी वाजवता?"

"पंधरा मिनिटांनी."

"मग वाजवा," ते म्हणाले आणि सावलीत सरकून उभे राहिले.

उद्धवरावांनी खिडकीतली वही घेतली. तारीख घातली, वेळ घातली, अंश शंभर असं लिहिलं, आणि उत्तराच्या रकान्यात ठीक आहे. नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली.